ध्रुवावर चुंबक जास्त जोरात, मग सूर्याचे कण तिथूनच आत कसे येतात?

पार्कचौक_चहा

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, पोरीचा आहे, नववीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि हिनं विषय घेतलाय सौर वादळ. बाईंनी वर्गात सांगितलं की पृथ्वी म्हणजे मोठा चुंबक, त्यामुळे सूर्याकडून येणारे कण अडतात, फक्त ध्रुवांवरून आत शिरतात आणि म्हणून तिकडं ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत उजेड, दिसतो. मी पण आयुष्यभर हेच ऐकलेलं, मान डोलावली. तर ही म्हणते, पप्पा, लोखंडाचा कीस चुंबकाच्या टोकालाच जास्त चिकटतो ना, म्हणजे जोर टोकाला जास्त, मग जिथं जोर जास्त तिथूनच कण आत कसे येतात, उलट सोलापुरावरून यायला पाहिजेत.

मी गप. जेवताना पण तेच डोक्यात. मग रात्री शोधलं तर पोरीचं बरोबर निघालं की, ध्रुवाकडं चुंबकाचा जोर साधारण ६० हजार नॅनोटेस्ला (हे तो मोजायचं माप) आणि आपल्याकडं ४० हजाराच्या थोडं वर. मग तीन व्हिडिओ बघितले आणि अजून गोंधळलो. एकात दाखवलंय ध्रुवावर नरसाळं आहे आणि त्यातून कण ओततात. दुसऱ्यात म्हणे वादळाच्या दिवशी ते नरसाळं मोठं होतं. तिसरा म्हणतो समोरून काही येतच नाही, पृथ्वीच्या मागच्या बाजूला शेपटी आहे तिथून येतात. तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि तिघांचे लाखात व्ह्यूज.

कुणाला खरंच माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा, आणि टेबलावर मांडता येईल असं काही सुचवा, ते दोन-अडीच हजारांचे किट नको. प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे.

रिटायर_मास्तर

पहिल्यांदा पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा, ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं पण हा प्रश्न मला दोघा-तिघांनीच विचारला असेल.

गोची "जोर" या शब्दात आहे. आपल्याला वाटतं चुंबक कणाला भिंतीसारखा ढकलतो. तसं नसतं. विद्युतभार असलेला कण चुंबकीय रेषा आडवी कापायला गेला तरच त्याच्यावर बल लागतं. रेषेच्या कडेकडेनं, तिच्याच दिशेनं निघाला तर चुंबक कितीही तगडा असू दे, बल शून्य. म्हणजे जोर किती यापेक्षा रेषा कुठल्या दिशेला आहे हे महत्त्वाचं. आपल्या डोक्यावर रेषा जवळजवळ आडव्या पडलेल्या आहेत, दक्षिणेकडून उत्तरेकडं, आणि ही एकच रेषा नाही, हजारो किलोमीटर उंचीपर्यंत थरावर थर. वरून येणाऱ्या प्रोटॉनला (सूर्याचे ते कण मुख्यतः हेच) तो प्रत्येक थर आडवा कापावा लागतो, त्यात तो वळत वळत परत बाहेर जातो. ध्रुवाकडं त्याच रेषा उभ्या आहेत. कण रेषेभोवती गोल गोल गिरक्या घेत, मळसूत्रासारखा, खाली उतरतो. अडवायला आडवं काही नाहीच.

आता पोरगी हुशार आहे म्हणून पुढचं पण सांगतो. खाली येताना रेषा दाटत जातात, जोर वाढतो, आणि त्यामुळे बरेच कण खालून आरशावर आपटल्यासारखे परत वर जातात. याला मॅग्नेटिक मिरर म्हणतात. म्हणजे तिला जे वाटलं की जोर जास्त तिथं अडथळा असणार, ते अगदीच चूक नाही, तो अडथळा आहेच, फक्त तो तिरप्या निघालेल्या कणांना परतवतो, रेषेच्या जवळपास सरळ आलेले हवेत घुसतात.

नरसाळ्याबद्दल. नरसाळं आहे, खोटं नाही, त्याला कस्प म्हणतात, दुपारच्या बाजूला ध्रुवाजवळ एक अरुंद पट्टा. पण त्यातून येतो तो साधा सौर वारा, म्हणजे एक-दोन किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे कणाची ऊर्जा मोजायचं माप) मंद कण. तुमच्या पोरीचा विषय सौर वादळातले ऊर्जावान कण असेल तर ते १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढचे, हजारो पटीनं जास्त. एक हिशोब करून बघा, मी आत्ताच पाटीवर केला. बाहेर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५ नॅनोटेस्ला. त्यात १० एमईव्हीच्या, म्हणजे त्याच १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या येते ९० हजार किलोमीटर. पृथ्वीच्या चुंबकाचा कोट सूर्याकडच्या बाजूला असतो साधारण ६५ हजार किलोमीटरवर. म्हणजे कणाची गिरकीच आख्ख्या कोटापेक्षा मोठी, त्याला तुमचं ते बारीक नरसाळं दिसणार कुठून. हे कण नरसाळ्यात पडत नाहीत, ध्रुवाभोवतीच्या सगळ्या टोपीवर, म्हणजे पोलर कॅपवर, सरसकट पाऊस पडावा तसे येतात. आणि तोच प्रोटॉन ध्रुवावर ६० हजार नॅनोटेस्लात आला की त्याच गिरकीची त्रिज्या होते साडेसात किलोमीटर.

वादळात काय बदलतं ते संध्याकाळी लिहितो, आत्ता लाईट जाणार आहे.

अक्कलकोटरोड_लूम

मास्तर एक विचारू का, पोलर कॅपवरच्या रेषा उभ्या आहेत हे कळलं, पण त्या वर जाऊन कुठं जातात? चुंबकाच्या रेषा एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात जातात असं शाळेत शिकवलेलं, मग या पण वळून दुसऱ्या ध्रुवात जायला पाहिजेत, म्हणजे कण त्या रेषेवर चढणार कुठं, ती रेषा तर आतल्या आतच फिरतीय.

आमच्याकडं चादरी होत्या, आता टॉवेल, तर माझ्या डोक्यात हे असं येतं की मधला कपडा म्हणजे दोन्हीकडून बांधलेले धागे, आणि कडेला दशा सोडलेल्या असतात त्या मोकळ्या. ध्रुवाच्या रेषा म्हणजे दशा का?

रिटायर_मास्तर

तुम्ही एका ओळीत जे सांगितलं ते समजवायला मी अर्धा तास घेतला असता. होय, दशाच.

बहुतेक रेषांची दोन्ही टोकं पृथ्वीतच असतात, त्या बंद रेषा. पोलर कॅपमधल्या रेषांचं एक टोक पृथ्वीत आणि दुसरं सौर वाऱ्यातल्या सूर्याच्या चुंबकीय रेषेला गाठ मारलेलं. अशा उघड्या रेषा असतात हे इंग्लंडच्या जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये मांडलं. सूर्याकडून येणारं क्षेत्र दक्षिणेकडं तोंड करून आलं की ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोबर उलटं होतं, समोरच्या बाजूला दोन्हीच्या रेषा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात, याला रिकनेक्शन म्हणतात. जोडलेल्या रेषा सौर वारा मागं ओढत नेतो, त्याची लांबच लांब शेपटी होते. म्हणजे तुमचा तिसरा व्हिडिओवालाही अर्धा बरोबर आहे, दशीचं मोकळं टोक पार मागं शेपटीत गेलेलं असतं आणि कण तिकडून पण चढू शकतो.

आणि यातून एक मजा होते. सूर्याच्या रेषेची दिशा कुठली आहे त्यावर उत्तर ध्रुवाच्या दशा सूर्याकडं जोडलेल्या की दक्षिण ध्रुवाच्या ते ठरतं, म्हणून सुरुवातीला कण एकाच दिशेनं येत असतात तेव्हा एक टोपी आधी आणि जास्त भरते, दुसरी मागून. नंतर कण विस्कटले की दोन्हीकडं सारखं.

एवढंच लक्षात ठेवा की दशी खरोखरची वस्तू आहे, रेषा ही आपण काढलेली आहे. पोरीला परीक्षकानं विचारलं तर तिनं हे सांगावं.

हॅम_विजापूररोड

माझा एक अनुभव टाकतो, हसू नका. ११ मे २०२४, सकाळी सातच्या आसपास मी माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या सेटवर २० मीटर बँडवर बसलेलो, जपानचा एक जण चांगला येत होता, मग आवाज बसत बसत गेला आणि नुसता हिस्स. आदल्या रात्रीपासून सगळीकडं मोठं वादळ मोठं वादळ चाललेलं, लडाखला हानलेतून लाल आकाश दिसलं त्याचे फोटो फिरत होते, मी लगेच आमच्या ग्रुपवर टाकलं की सोलर प्रोटॉन पोचले बघा सोलापुरात, बँड बंद. दोन तास मी तज्ज्ञ होतो. मग बंगळूरच्या एका सीनियर हॅमनं सगळ्यांसमोर माझी काढली.

झालेलं असं की त्या सकाळी ६:५३ ला, आपल्या टायमानं, सूर्यावर एक्स ५.८ चा फ्लेअर, म्हणजे मोठा भडका, झाला. त्याचे एक्स-रे प्रकाशाच्या वेगानं येतात, त्यांना चुंबक बिंबक काही अडवत नाही, जिकडं ऊन तिकडं ते आयनोस्फिअरचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर दाट करतात आणि एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह रेडिओचे, सिग्नल खातात. जपानचा रस्ता तेव्हा पूर्ण उन्हात होता. प्रोटॉनचा काही संबंध नव्हता, प्रोटॉननं रेडिओ बंद पडतो तो ध्रुवाकडं, त्याला पोलर कॅप अॅब्सॉर्प्शन म्हणतात, तो तासा-दोन तासात जात नाही, दिवस दिवस टिकतो. तेव्हापासून मी "सौर वादळ" हा शब्दच वापरत नाही, फ्लेअर बोलायचंय का कण का चुंबकी वादळ ते आधी ठरवतो.

रिटायर_मास्तर

विजापूर रोडवाल्या दादांनी फार मोलाचं सांगितलं. पोरीच्या चार्टवर हे तिन्ही वेगवेगळ्या रंगात पाहिजे. प्रकाश आणि एक्स-रे आठ मिनिटात. मग ऊर्जावान प्रोटॉन, १०० एमईव्हीचा असेल तर वीस-पंचवीस मिनिटात, १० एमईव्हीचा असेल तर तासाभरात किंवा जरा जास्त, कारण तो सरळ येत नाही, सूर्याची रेषा चकलीसारखी वळलेली असते तिच्यावरून येतो. आणि शेवटी सीएमई, म्हणजे सूर्यानं फेकलेला प्लाझ्माचा ढग, तो एक ते तीन दिवसांनी, आणि चुंबकी वादळ करतो तो हा.

ऑरोराबद्दल बाईंचं वाक्य थोडं दुरुस्त करायला लागेल. हिरवा-लाल ऑरोरा मुख्यतः या सूर्याच्या प्रोटॉनचा नाही. तो आपल्याच मॅग्नेटोस्फिअरच्या, म्हणजे त्या चुंबकी कोटाच्या, शेपटीत वेग मिळालेल्या इलेक्ट्रॉनचा, काही किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, आणि तो ध्रुवाभोवती कड्यासारखा दिसतो, ध्रुवावर मधोमध नाही. प्रोटॉन टोपीत, ऑरोरा टोपीच्या काठावर. बाईंना सांगताना जरा जपून सांगा, मीही निवृत्त व्हायच्या आधी दहा-बारा वर्षं चुकीचंच शिकवत होतो.

आता वादळात काय होतं ते, मला यातलं सगळ्यात आवडतं.

नकाशा घ्या. सोलापूर ७५.९ पूर्व रेखांशावर. तिथून बोट ठेवून सरळ दक्षिणेला या, कर्नाटक, केरळचा काठ, मग समुद्र, समुद्र, समुद्र, आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला बोट लागतं तिथं भारताचं भारती स्टेशन आहे, ७६.२ पूर्व. आपल्याच रेषेत की! तिचं चुंबकीय अक्षांश, म्हणजे चुंबकी ध्रुवाच्या हिशोबानं मोजलेलं, ७५ च्या आसपास, म्हणजे टोपीच्या आत, सौर प्रोटॉन आले की तिच्या डोक्यावरच्या हवेत पोचतातच. आपलं दुसरं स्टेशन मैत्री, तिचं चुंबकीय अक्षांश ६३ च्या आसपास, म्हणजे एरवी ती टोपीच्या कुंपणाबाहेर, प्रोटॉन पोचत नाहीत अशा भागात.

हे कुंपण म्हणजे कटऑफ, एखाद्या जागी उतरायला कणाला कमीत कमी लागणारी ऊर्जा. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कॉम्प्युटर नसताना, हातानं आकडेमोड करून कणांचे मार्ग काढले. त्याच्या सूत्रानं ६३ अंशावर उतरायला प्रोटॉनला साधारण १९० एमईव्ही लागतात, ७५ अंशावर दोन-अडीच एमईव्ही पुरतात. खरा चुंबकी कोट सौर वाऱ्यानं दाबलेला, वाकडा असतो म्हणून उपग्रहांना दिसतो तो कटऑफ यापेक्षाही कमी असतो, पण अंदाज येतो. वादळात दोन गोष्टी होतात. एक, समोर रिकनेक्शन जोरात चालतं, उघड्या रेषा वाढतात, टोपी मोठी होऊन विषुववृत्ताकडं सरकते. दोन, पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर रिंग करंट, म्हणजे कड्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह, वाढतो, त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या उलट, त्यामुळे आतल्या आडव्या थरांचा दाब कमी पडतो. अलिबागच्या वेधशाळेत हीच आडवी ताकद पडलेली दिसते. (ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती, १८५९ च्या त्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याच्या यंत्रावर १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेलीय. नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ पासून अलिबागला नेली, नाहीतर यंत्रावर ट्रामच दिसली असती.) दोन्ही मिळून कुंपण काही अंश खाली येतं आणि मैत्री, जी एरवी बाहेर होती, ती पाऊस पडणाऱ्या भागात येते.

आणि यात वेळ जुळून येते ती भयंकर असते. प्रोटॉन आधी येतात, कुंपण जागेवर असतं. मग दिवस-दोन दिवसांनी सीएमई येतो, आणि त्याच्या पुढचा शॉक, म्हणजे धक्क्याची लाट, स्वतःबरोबर कणांचा दुसरा लोंढा घेऊन येतो, म्हणजे कुंपण पडायला आणि नवीन कण यायला एकच गाठ. दादांच्या त्या ११ मेच्या सकाळी तर वेगळंच झालं, आदल्या दिवशीच्या ढगांनी वादळ शिगेला नेलं होतं, वादळ मोजायचा डीएसटी नावाचा आकडा उणे ४०० च्या खाली गेला, आणि नेमक्या त्याच तासांत या नव्या फ्लेअरचे प्रोटॉन इतक्या ऊर्जेचे आले की दक्षिण ध्रुवाच्या न्यूट्रॉन मॉनिटरला (जमिनीपर्यंत पोचलेल्या कणांचा परिणाम मोजणारं यंत्र) जमिनीवर त्यांची चाहूल लागली.

शेंगाचटणी_४५डिग्री

थोडक्यात सोलापूर सेफ का बे? आमच्याकडं सूर्य आधीच फुकटात एवढं देतो.

आणि ते दिल्लीवरून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान उत्तर ध्रुवावरून जातं म्हणतात, माझा मावसभाऊ त्यानं जातो येतो, त्याचं काय?

हॅम_विजापूररोड

मावसभावाला काळजी नको, मोठं प्रोटॉन वादळ चालू असलं तर कंपन्या मार्गच ध्रुवापासून दक्षिणेकडं सरकवतात, वेळ आणि इंधन जास्त जातं. पहिलं कारण रेडिओ. साधारण ८२ अंश अक्षांशाच्या वर भूस्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातात, तिथं एचएफवर भरवसा, आणि टोपीत प्रोटॉन उतरले की एचएफ मेला. रेडिएशन पण थोडं वाढतं पण १० एमईव्हीचा प्रोटॉन ६५ किलोमीटर उंचीवरच थांबतो, विमान दहा-बारावर, तिथंपर्यंत पोचतात ते फार मोठ्या ऊर्जेवाले.

रिटायर_मास्तर

सोलापूर सेफ आहे आणि किती सेफ ते सांगतो. आपल्या भागाचं कुंपण जगात सगळ्यात उंच, दक्षिण भारतात कटऑफ १७ जीव्हीच्या (कणाला चुंबकानं वळवणं किती अवघड त्याचं माप) आसपास. सूर्याचे प्रोटॉन क्वचित काही जीव्हीपर्यंत जातात, म्हणजे ते आपल्यावर उतरतच नाहीत. आपल्याकडं येतात ते सूर्यमालेबाहेरचे कॉस्मिक किरण, आणि तेही तगडे. उटीला टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग आहे, तिथं म्युऑन, म्हणजे कॉस्मिक किरण हवेवर आपटून तयार होणारे कण, मोजतात. २२ जून २०१५ ला मोठ्या चुंबकी वादळात तिथं दोन तास म्युऑन वाढलेले दिसले. बाहेरचे कण वाढले नव्हते, वादळानं आपलं हे उंच कुंपणच थोडं वाकलं होतं. २० जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) आसपासचे, एरवी परत जाणारे कण तेवढ्या दोन तासात आत आले.

टेबलावरच्या मॉडेलला खर्च शून्य. एक शिवणाची लांब सुई, मधोमध दोरा बांधा, आडवी तोलून घ्या, मग चुंबकानं एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा आणि परत टांगा. ती उत्तरेला तोंड करेल आणि पुढचं टोक वीस-पंचवीस अंश खाली झुकेल. ही सोलापूरची रेषा. भारती स्टेशनवर तीच सुई जवळपास उभी राहील. बाजूला प्लास्टिकचा चेंडू घ्या, मध्यावर वायरचे बंद कमानीसारखे वेढे लावा आणि दोन्ही टोकांना लूमवाल्यांकडच्या दशा चिकटवा.

अक्कलकोटरोड_लूम

दशा माझ्याकडून. लाल आणि पिवळ्या, पाहिजे तेवढ्या. पत्ता मेसेज करा, पोराच्या हातून पाठवतो.

पार्कचौक_चहा

मंडळी किती आभार मानू. दशा मिळाल्या, चेंडू झाला, लाल दशा सूर्याकडं जोडलेल्या दाखवल्यात. तीन रंगांचा चार्ट पण झाला, बाईंना दाखवला, त्यांनी स्वतः ऑरोराचं वाक्य वहीत बदलून घेतलं, वाईट वाटलं नाही त्यांना.

सुईनं मात्र परवा रात्री रडवलं. फॅन बंद करून आम्ही चौघं घामाघूम, सुई टांगलेली, आणि ती उत्तरेकडं जाईचना, सारखी पूर्वेला तोंड करून बसायची. मी म्हटलं घासायला चुकलं, परत घासली, परत पूर्वेला. बायको म्हणाली गरम होतंय, फॅन लावा आणि झोपा. तासाभरानं पोरीनंच पकडलं, पूर्वेला लोखंडी कपाट आहे. गच्चीवर नेली तर लगेच उत्तर, आणि पुढचं टोक खाली. कोनमापकानं मोजलं, २२ अंश. आता शाळेत टेबल कुठं मिळतंय आणि त्याचे पाय लोखंडाचे आहेत का ते उद्या जाऊन बघतो.